मुलाला छप्परकाम शिकायचे आहे, तर वाट कोणती?

वाचकाचे पत्र : आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून बडोद्यात, नवापुऱ्यात राहते. मी सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. धाकटा मुलगा 19 वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेतून कसाबसा उत्तीर्ण झाला. माझे मेहुणे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) कारखान्यांच्या शेडवर पत्रे बसवण्याची कामे घेतात. गेल्या उन्हाळ्यात मुलगा दोन महिने त्यांच्याबरोबर गेला आणि आता हेच काम शिकायचे म्हणतो. मला ही मजुरी वाटते, सौभाग्यवतींना उंचीची धास्ती वाटते आणि मेहुणे म्हणतात की शिक्षणाची गरज नाही, हात बसला की झाले. या कामाचे रीतसर शिक्षण कोठे मिळते काय? की त्याला मुकाट्याने बी.ए.ला घालावे?

उत्तर : रीतसर शिक्षण निश्चित आहे, परंतु ते ‘छप्परकाम’ अशी पाटी लावलेल्या एकाच दारातून मिळत नाही. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड असतात. छप्पर घालणाऱ्या कारागिराचा असा स्वतंत्र ट्रेड तेथील नेहमीच्या यादीत नाही. जर्मनीत हा व्यवसाय शिकायचा तर तीन वर्षांची उमेदवारी असते, काही काळ कामावर आणि काही काळ व्यवसायशाळेत, आणि पुढे परीक्षा देऊन ‘मास्टर’ होता येते. आपल्याकडे तशी सरळ वाट नसल्यामुळे आपल्या मुलाला शेजारच्या एखाद्या ट्रेडमधून आत यावे लागेल, आणि तो ट्रेड कोणता निवडायचा हाच आज आपल्यापुढचा खरा निर्णय आहे. बी.ए.चा विचार त्यानंतर करता येईल.

मी सव्वीस वर्षे कारखान्यांच्या शेडच्या कामांवर देखरेख केली आहे, म्हणून आपल्या पत्रातील ‘मजुरी’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. पत्रा उचलून वर देणे ही मजुरी आहे; तो कोणत्या टोकापासून बसवायचा हे ठरवणे ही कारागिरी आहे. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे घालण्याची सुरुवात त्याच्या विरुद्ध टोकाकडून करावी लागते, म्हणजे एकावर एक चढवलेल्या कडांची तोंडे वाऱ्याकडे राहत नाहीत आणि पाणी जोडात घुसत नाही. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगेल इतकाच आवळायचा असतो. मशीनचा जोर लावून तो चेपून टाकला तर छप्पर पहिल्या पावसात गळत नाही. उन्हाने वॉशर तडकल्यावर दोन-तीन वर्षांनी गळते, आणि तोवर ठेकेदार आपले बिल घेऊन गेलेला असतो. भोके पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढला नाही, तर रात्रीच्या दवाने त्याला गंज चढतो आणि नव्या कोऱ्या रंगीत पत्र्यावर तांबडे डाग उमटतात. रंगीत पत्रा ग्राइंडरने कापला तर ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो, म्हणून जाणता कारीगर कात्री किंवा पत्रा कुरतडत कापणारे निब्लर वापरतो. लोखंडी पत्रा 30 मीटर लांब असेल आणि पहाटेच्या गारव्यापासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत त्याचे तापमान 50 अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे 18 मिलिमीटरने वाढते. उजेडासाठी मध्ये घातलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा तर लोखंडाच्या पाचपटीहून अधिक वाढतो, म्हणून त्यातली भोके मुद्दाम मोठी ठेवावी लागतात. हे ज्याला ठाऊक नसते, त्याचे काम बसवलेल्या दिवशी सुंदर दिसते आणि दोन उन्हाळ्यांत भोकांपाशी चिरते.

वाऱ्याचीही गोष्ट अशीच आहे. वादळात वारा पत्र्याला खाली दाबतो अशी सर्वसाधारण समजूत असते; प्रत्यक्षात तो पत्र्याला वर खेचतो, आणि हा ओढा कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी सर्वांत अधिक असतो. म्हणून तेथे स्क्रू दाट घ्यावे लागतात. भारतीय मानक आयएस 875 च्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गुजरातवरून गेले तेव्हा ठिकठिकाणी शेडचे पत्रे उडाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

आपल्या आजोबांच्या काळी रोहिणी संपून मृग लागण्याच्या आत घर शाकारून घेण्याची घाई असे, आणि कोणत्या पाख्यावरचे कोणते कौल फिरवायचे हे ओळखणाऱ्या माणसाला मान होता. तेच ज्ञान आज पत्र्याला लागते. त्यामुळे मेहुण्यांचे ‘हात बसला की झाले’ हे म्हणणे अर्धे खरे मानावे. हात बसल्याशिवाय हे काम येत नाही, यात शंका नाही. परंतु ज्याचा हात चुकीच्या सवयीवर बसला तो ती चूक तीस वर्षे करीत राहतो, आणि ज्याला नकाशा वाचता येत नाही तो कितीही कसबी असला तरी दुसऱ्याच्या हाताखालीच राहतो.

आता ट्रेडविषयी. आपल्या शहरात तरसाली आणि गोरवा येथे सरकारी आयटीआय आहेत. माझी पहिली पसंती ‘शीट मेटल वर्कर’ या एक वर्षाच्या ट्रेडला राहील. छप्पर सपाट पत्र्याच्या मध्यभागी सहसा गळत नाही. ते आढ्याच्या टोपीपाशी, भिंतीला पत्रा भिडतो तेथे, धुराड्याच्या गळ्यापाशी आणि पन्हळीच्या जोडांत गळते, आणि हे सर्व भाग सपाट पत्र्यावर आखणी करून, कापून, वाकवून तयार करावे लागतात. गोल नळ तिरक्या छपरातून बाहेर येतो तेथे बसणारी कॉलर कागदावर कशी उलगडायची, हे ज्याला येते असा माणूस दहा टोळ्यांत एखादाच सापडतो. ती आखणी या ट्रेडमध्ये शिकवली जाते. जवळच्या संस्थेत हा ट्रेड नसेल किंवा जागा भरल्या असतील, तर ‘वेल्डर’ घ्यावा. तोही एक वर्षाचा आहे. पत्र्याखालच्या कैच्या म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, पर्लिन म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात ते आडवे लोखंड, आणि आधाराचे ब्रॅकेट हे वेल्डिंगचेच काम असल्यामुळे वेल्डरला छपराच्या टोळीत कधी रिकामे बसावे लागत नाही. ‘फिटर’ दोन वर्षांचा असून त्यातून कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरी मिळण्याची शक्यता वाढते. मात्र मुलाचे मन छपरातच असेल, तर ही वाट त्याला छपरापासून थोडी दूर नेईल.

यांतले काही ट्रेड आठवी उत्तीर्ण मुलांसाठी खुले असल्यामुळे ‘बारावी विज्ञान करून तेथे काय बसायचे’ असा संकोच घरात व्यक्त होईल, हे मी गृहीत धरतो. तो संकोच मुलाच्या कानावर घालू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. बारावीपर्यंतचे गणित त्याला आखणीत प्रत्यक्ष उपयोगी पडेल, आणि पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करावासा वाटला तर तेही दार त्याच्यासाठी बंद होत नाही. आपण तीन पिढ्यांचे बडोदेकर आहात, तेव्हा आपल्याला कलाभवन आठवत असेल. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते उघडले ते हाताच्या विद्येला शाळेची शिस्त मिळावी म्हणूनच. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने ते उभे केले आणि दादासाहेब फाळकेही तेथे शिकले. कारागिरी आणि शिक्षण यांना वेगवेगळ्या ओसरीवर बसवण्याची रीत या शहराची नव्हे.

आयटीआयनंतरची पायरी उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची आहे, आणि येथेच बहुतेक मुले घसरतात, म्हणून या ठिकाणी सावकाश वाचावे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. छप्पर घालणाऱ्या टोळ्या सहा-आठ माणसांच्या असतात आणि त्यांतल्या बहुतेकांची कोठे नोंदच नसते, त्यामुळे मेहुण्यांकडे दोन वर्षे काढली, तर ती कितीही शिकवून गेली तरी कागदावर शून्य राहतात. म्हणून उमेदवारी अशा ठिकाणी शोधावी जेथे छप्पर आहे आणि नोंदही आहे : तयार लोखंडी इमारती बनवून उभारणाऱ्या कंपन्या, ज्यांना या धंद्यात पीईबीवाले म्हणतात, मोठे फॅब्रिकेटर, आणि ज्यांच्या आवारात अनेक शेड आहेत अशा कारखान्यांचे देखभाल विभाग. हालोल, सावली, पोर, नंदेसरी या पट्ट्यात अशी ठिकाणे शोधण्यासारखी आहेत. उमेदवारीचा करार लेखी आणि केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरवले होते, आणि 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून त्यातला काही वाटा सरकार उचलते. रक्कम मोठी नाही. मेहुणे रोजंदारीवर याहून जास्त देतील. तरीही ट्रेड उमेदवारीच्या अखेरीस परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र त्याच्या पुढच्या सर्व वर्षांच्या उपयोगी पडेल, हा हिशेब आपण वडील म्हणून त्याला समजावून सांगावा.

सौरऊर्जेचा उल्लेख केल्याशिवाय आज छपराविषयी लिहिता येत नाही. 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य 1 कोटी घरांचे आहे, आणि घरांच्या छपरांवर पॅनेल बसवण्यात गुजरात देशात आघाडीवर आहे. ही पॅनेले बसवणारी मुले बहुधा विजेच्या बाजूने आलेली असतात. पत्र्याला भोक कोठे पाडावे आणि ते कसे बुजवावे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, त्यामुळे पॅनेल बसल्यानंतर गळती सुरू झाल्याच्या तक्रारी माझ्याकडे वारंवार येतात. ‘सूर्यमित्र’ नावाचा सौर तंत्रज्ञाचा सरकारी अभ्यासक्रम आहे. त्याचा रोख विजेच्या ट्रेडमधील मुलांकडे असल्यामुळे प्रवेशाच्या अटी आधी पाहून घ्याव्यात. तो मिळाला नाही तरी पत्रा जाणणाऱ्या मुलाने पॅनेलच्या चौकटी बसवण्याचे काम शिकून ठेवावे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचेही तसेच आहे : रसायने बनवणाऱ्या कंपन्या ती लावणाऱ्या कारागिरांसाठी छोटी प्रशिक्षणे घेतात. ती घ्यावीत, पण मुख्य ट्रेडनंतर.

पीएम विश्वकर्मा योजनेविषयी आपल्याला कोणी सांगेल, म्हणून तेही सांगून टाकतो. तिच्या 18 व्यवसायांत सुतार, लोहार, राजमिस्त्री आहेत, छप्परकाम नाही, आणि ती मुळात स्वतःचा पिढीजात धंदा करणाऱ्यांसाठी आहे. मेहुण्यांसाठी अधिक उपयोगाची वाट ‘पूर्वज्ञानाच्या मान्यतेची’ आहे, जिला आरपीएल म्हणतात. कौशल विकास योजनेच्या या भागात अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन त्याच्या अंगच्या कौशल्याचे प्रमाणपत्र दिले जाते. मोठ्या कारखान्यात ठेका मागताना असा कागद त्यांनाही कामी येईल. याउलट, ‘रूफिंगचा डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशी जाहिरात करून हजारो रुपये मागणारी एखादी खासगी संस्था आढळली, तर प्रमाणपत्राला एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यवसायशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे की नाही हे पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

आता सौभाग्यवतींच्या धास्तीविषयी, कारण ती अस्थानी नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांत एका कारखान्याच्या जुन्या शेडवर पन्हळ साफ करण्याचे काम माझ्या देखरेखीखाली होते. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच करडा दिसत होता. एका मदतनिसाने त्यावर पाय ठेवला आणि तो सरळ खाली गेला. तो वाचला, पण त्याचा खुबा मोडला आणि पुन्हा त्याला शिडी चढता आली नाही. सुरक्षापट्टे त्या दिवशी सामानाच्या खोलीत होते. ‘अर्ध्या तासाचे तर काम आहे’ असे मीच म्हटले होते. हे मला आजही विसरता येत नाही, आणि म्हणूनच मी प्रत्येक पालकाला पुढील गोष्टी सांगतो.

सिमेंटचे आणि फायबरचे पत्रे माणसाचे वजन पेलतील असे कधीही मानू नये. त्यांवर आडव्या फळ्या टाकून, पर्लिनच्या रेषेवरूनच जावे लागते, आणि स्क्रू किंवा बोल्टच्या रांगेवरून ती रेषा ओळखता येते. कमरेचा पट्टा पुरेसा नाही. आयएस 3521 मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, त्याला दोन दोर हवेत म्हणजे एक सोडताना दुसरा अडकवलेला राहतो, आणि तो दोर ज्याला अडकवायचा ती जीवनदोरी आधी पक्की बांधलेली हवी. कोठेही न अडकवलेला हार्नेस घालून फिरणारा माणूस हार्नेस नसलेल्या माणसाइतकाच उघडा असतो. वारा सुटला असता मोठा पत्रा हाती धरू नये, कारण तो शिडासारखा माणसाला ओढून नेतो. जुने सिमेंटचे पत्रे कोरडे असताना मशीनने कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत बसते आणि तिचा आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. मोठ्या कारखान्यांत वैद्यकीय तपासणी आणि उंचीची चाचणी झाल्याशिवाय ‘हाइट पास’, म्हणजे उंचीवर काम करण्याची परवानगी, मिळत नाही. मुलाची ही तपासणी आपण आत्ताच करून घ्यावी. चक्कर येण्याची, फिट येण्याची प्रवृत्ती किंवा रक्तदाबाचा त्रास निघाला, तर त्याने पत्र्याची कामे जमिनीवरच्या कार्यशाळेत करावीत. पन्हळी आणि फ्लॅशिंग, म्हणजे जोड झाकणारे वाकवलेले पत्रे, तेथेच बनतात.

माझा सल्ला एका ओळीत मावणारा नाही, पण क्रम असा ठेवावा. आयटीआयचे प्रवेश उघडण्याआधी आपण स्वतः मुलाला घेऊन तरसाली आणि गोरवा येथे जावे, शीट मेटलची कार्यशाळा आतून पाहण्याची परवानगी मागावी, आणि पत्रा वाकवण्याची व कापण्याची यंत्रे चालू आहेत की धूळ खात आहेत हे डोळ्यांनी पाहावे. निदेशकांना गेल्या वर्षीची मुले कोठे उमेदवारीला गेली तेही विचारावे. प्रवेश मिळाला की वर्षभर अभ्यास चालू असताना सुटीच्या दिवसांत मेहुण्यांकडे जाण्यास हरकत नाही, उलट ते उपयोगी आहे. मात्र मेहुण्यांशी बोलणे आपण करावे, मुलावर सोपवू नये, कारण भाच्याला मामापुढे अट घालणे जड जाते. त्यांना सांगावे की त्याच्यासाठी स्वतंत्र हार्नेस आपण विकत आणून देऊ, जीवनदोरी बांधल्याशिवाय तो वर जाणार नाही, आणि त्याच्या कामाचे दिवस वहीत तारखेसह लिहून त्यांनी सही करावी. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वय 18 ते 60 असावे लागते आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ती वही त्या वेळी कामास येईल.

बी.ए. बाहेरून करण्याची त्याची इच्छा असेल तर उमेदवारीच्या काळात तेही करता येईल. परंतु केवळ आपल्या समाधानासाठी त्याला त्यात गुंतवू नये. आणि मेहुण्यांना आणखी एक विनंती करावी : या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या सरीनंतर, त्यांनी गेल्या उन्हाळ्यात जे शेड मुलाबरोबर बांधले त्याच्या आत मुलाला घेऊन जावे, दोघांनी जमिनीवर उभे राहून वर पाहावे, आणि कोठे थेंब पडतो आहे ते त्याला स्वतः शोधू द्यावे.